हरणीचं दावं

बुधवार, २८ ऑक्टोबर १९५९. वसुबारस.

मागच्या सालच्या हिशेबवहीची पाठची पानं कोरीच राहिली होती. चांगली पानं रद्दीत घालायला हात होत नाही, म्हणून आजपासून त्यांवर मनातलं लिहायचं ठरवलं आहे.

सकाळी हरणीची पूजा केली. शिंगांना गेरू, गळ्यात झेंडूची माळ, वासरालाही एक छोटी. सासूबाईंनी तिच्या पायांवर पाणी घातलं आणि मला म्हणाल्या, "मंगला, या घरमा तुन्हा पहिले ही ऊनी शे, ध्यानमा ठेव." म्हणजे मान तिचा आधी. मला राग आला नाही. माझं लग्न होऊन मी धुळ्याहून कळसाडीला आले, त्याच्या आदल्या वर्षी ती कालवड म्हणून या गोठ्यात आली. एका अर्थी जाऊच माझी.

उपवास होता. पोट रिकामं असलं की विचार बरे येतात. आज असं वाटलं की देवानं वाया जाईल असं काही केलेलंच नाही. भाजीचे देठ, डाळीची चुणी, पिठाचा कोंडा हरणीला. हरणीचं शेण चुलीला, चुलीची राख भांड्यांना, भांड्यांचं धुवण कारल्याच्या वेलाला. निर्माल्य तुळशीत मुरतं. फाटक्या लुगड्याची गोधडी होते आणि गोधडी फाटली की पोतेरं. या घरातून कचरा म्हणून काही बाहेर जात नाही. उकिरड्यावर आमची अशी जागा आहे, पण तिथं गवत उगवलं आहे.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

आजचा दिवस मी विसरणार नाही. विकास गटाच्या ग्रामसेविकाबाई आल्या होत्या. चावडीसमोर गावातल्या बायका बसवल्या आणि विषय लावला, घरातल्या टाकाऊ वस्तूंचा उपयोग. बाईंना कुणी सांगितलं होतं की रतिलालभाऊंची बायको मॅट्रिक आहे आणि तिच्याकडे काही वाया जात नाही. मला उभंच केलं.

घरून माझी पिठाची चाळण मागवली. मग चाळण हातात घेतली आणि धीर आला. म्हटलं, पिठाची तारेची चाळण मधून फाटली की तुम्ही ती टाकता. मी टाकत नाही. यांच्या सायकलच्या ब्रेकची जुनी तार घ्यायची, तिचा पीळ उलगडायचा, आतून केसासारखे धागे निघतात. त्यांनी भोक विणून काढायचं. माझी चाळण अशी तीन वर्षं चालली आहे. बायकांनी चाळण हातोहात फिरवली, डोळ्याला लावून उन्हात धरून पाहिली.

मागून गजराबाईचा आवाज आला. शेजारीण आहे, तिला गप्प राहवत नाही. "मंगलाबाईना घरमा मुंगीबी उपाशी मरी जास." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी जाताना तीच गजराबाई चाळण मागून घेऊन गेली, नमुन्याला. नंतर आणखी चौघींनी नेली.

ग्रामसेविकाबाई आमच्याकडे चहाला आल्या, तेवढ्यात तुळशीबाई दारात आली, नेहमीसारखी वाडगा घेऊन. एकटी म्हातारी, पूर्वी रोज उरलंसुरलं न्यायची. मी तिला सांगितलं, आजी, आता आमच्याकडे काही उरतच नाही. ती वाडगा उलटा करून गेली. बाईंनी वहीत टिपून घेतलं आणि म्हणाल्या, "असं घर तालुक्यात दुसरं नसेल." पुढच्या महिन्यात लोणखेड्याला असाच कार्यक्रम ठेवणार आहेत, मी यावं म्हणाल्या. यांनाही फार बरं वाटलं. ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, चार लोकांत नाव लागतं.

शनिवार, १४ नोव्हेंबर

हरणीनं संध्याकाळी चाऱ्याला तोंड लावलं नाही. दूध निम्म्यावर.

सुपडू आमचा सालदार, बारा महिने शेतावर आणि गोठ्यात तोच असतो. तो स्वतःहून ओसरीखाली येऊन उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, ती कपाशीमा घुसनी व्हती. मी काठी मारी. एकच."

मी विचारलं, कुठं मारलीस? त्यानं स्वतःच्या बरगडीला हात लावून दाखवलं.

गाईवर काठी, आणि तीही या महिन्यात. वसुबारशीला त्यानंच तिच्या शिंगांना गेरू लावला होता. सासूबाई आतून म्हणाल्या, "हात झडी जाई तुन्हा." तो खाली मान घालून गेला. माणूस इतकी वर्षं घरात असतो आणि आपण त्याला ओळखत नाही.

रविवार, १५ नोव्हेंबर

हिंग, ओवा, सुंठ, सगळं झालं. सासूबाईंनी मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, ठसका आला नाही, म्हणजे नजर आहेच. मी अंघोळ करून सोवळ्यानं पीठ चाळलं, सगळा कोंडा भिजवला, त्यात गूळ घातला आणि माझ्या हातानं भरवला. पाच घास खाल्ले तिनं. माझा हात चाटला. उतार पडेल असं वाटतं.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

उतार नाही. पाठ कमानीसारखी वर काढून उभी राहते, पुढचे पाय फाकवून. गोठ्याच्या उतरणीवरून खाली येताना कण्हते, बाई कण्हते तशी. गळ्याखाली पाणी उतरल्यासारखी सूज आहे.

यांनी शहाद्याहून ढोरांचे डॉक्टर बोलावले. सायकलवर आले, धुळीनं माखलेले, कंटाळलेले. त्यांनी हरणीच्या पाठीचं कातडं चिमटीत धरून दाबलं, कान लावून छाती ऐकली. बराच वेळ ऐकली.

मग मला विचारलं, "खायला काय देता?"

मी सगळं सांगितलं, कडबा, ढेप, देठ, चुणी, कोंडा. बाजारातलं काही नाही, घरचंच स्वच्छ, हेही सांगितलं.

"पोटात लोखंड गेलंय असं वाटतं," ते म्हणाले. "खिळा, सुई, तार. गाय चावून खात नाही हो, गिळते. पोटातून ते टोचत टोचत काळजाकडे जातं."

यांनी विचारलं, बरगडीला काठी लागली आहे, त्याचं असेल का? डॉक्टर म्हणाले, "काठीनं असं होत नाही." आणि हात धुवायला पाणी मागितलं. औषध दिलं, पण नजर वर करून दिलं नाही. गेली तर निरोप पाठवा म्हणाले, उघडून बघायची आहे.

मला त्यांचं बोलणं पटलं नाही. आमच्या घरात वाकडा खिळासुद्धा ठोकून सरळ करून डब्यात जातो. लोखंड पडलेलं असायला ते आधी वाया जावं लागतं. शेताच्या कुंपणावरचं काही गिळलं असेल. सुपडूचं लक्ष नसतं.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

हरणी गेली.

सकाळी मी दूध काढायला नाही, नुसतं पाहायला गेले. मान जमिनीवर पसरली होती. डोळा उघडा, त्यावर माशी. वासरू तिच्या पोटाला ढुशा देत होतं.

सासूबाई आल्या, त्यांनी आधी तिच्या गळ्याकडे पाहिलं. दावं खुंटीला बांधलेलंच होतं. "गळामा दावं ऱ्हायनं वं माय," म्हणाल्या आणि तिथंच शेणात बसल्या.

मला ही रीत माहीत नव्हती. माझ्या वडिलांकडे धुळ्याला गाय नव्हती, भाड्याची खोली होती. इथं असं आहे की बांधलेली गाय मेली तर गोहत्या धन्याच्या माथी येते. त्यानं ते दावं स्वतःच्या गळ्यात घालायचं आणि गावोगाव दारात उभं राहायचं. तोंडातून माणसाचा शब्द काढायचा नाही, गाईसारखं हंबरायचं. कुणी टाकतील ते खायचं, उघड्यावर निजायचं, आणि प्रकाशा गावाला तापीत बुडी मारली की सुटका. सासूबाईंच्या लहानपणी त्यांच्या मामांनी केलं होतं. मला वाटलं या जुन्या गोष्टी आहेत.

दुपारी ओसरीवर पंच बसले. मी दाराआड होते. म्हातारे डोंगरसिंगबाबा बोलत होते.

"काठी कोनी मारी?"

"मी मारी, बाबा." सुपडू.

"लागनी?"

"लागनी व्हई."

"मंग दावं तुन्हं."

तो नाही म्हणाला नाही. यांनी डॉक्टरांचं बोलणं काढलं नाही. वाटलं काढतील. पंचांनी चहा घेतला, कुणीतरी कपाशीच्या भावाबद्दल विचारलं, हे उत्तर देऊ लागले. एवढ्यात सगळं झालं.

इथं खोटं लिहून उपयोग नाही. यांच्या गळ्यात दावं येणार नाही हे कळलं तेव्हा मी देवाला हात जोडले.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

सुपडूनं खुंटीवरचं दावं स्वतःच सोडलं. गळ्यात घातलं, गाठ मारली. त्याची बायको सिंधुबाई कुडाला धरून उभी होती, तिनं त्याला भाकरी बांधून द्यायची नाही अशी रीत, म्हणून हात रिकामे.

पहिल्या दारात, म्हणजे आमच्याच दारात, तो हंबरला. गल्लीतली पोरं हसली. पन्नाशीचा माणूस असा आवाज काढतो म्हणजे हसू येणारच. तो पुन्हा हंबरला आणि आत गोठ्यातून वासरानं ओ दिली. मग कुणी हसलं नाही. मी त्याच्या ओंजळीत भाकरी टाकली, वरून, हात न लावता. तसंच करायचं असतं.

दुपारी डॉक्टर आले. नदीच्या बाजूला हरणीला उघडलं. परत येऊन ओसरीवर बसले, खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि यांच्यापुढे उलगडली. मी पाणी घेऊन गेले होते.

बारीक तारांचे तुकडे. गाईच्या चार पोटांपैकी जाळीदार पोटात गच्च रुतलेले, म्हणाले. बाकीचे काळे पडले होते. एक वेगळा ठेवला होता, बोटाच्या पेराएवढा, चकचकीत. "हा काळजाच्या पिशवीत होता."

तार सरळ नव्हती. तिला पीळ होता, स्प्रिंगला असतो तसा. दुसऱ्या तुकड्यांना बारीक नागमोडी वळणं होती, एक वर, एक खाली, एक वर.

हातातला तांब्या मी खाली कधी ठेवला आठवत नाही. डॉक्टर मला म्हणाले, "वहिनी, बसा." मी बसले नाही. आत जाऊन चाळण उतरवली आणि खिडकीशी धरली. मधलं मी विणलेलं सगळं झिजून तुटलं होतं. भोवतीच्या जाळीच्या कडाही गेल्या होत्या. एवढं मोठं भोक झालं होतं की त्यातून करंगळी जाईल, आणि मी रोज त्याच चाळणीनं पीठ चाळत होते. रोज वरचा कोंडा ओंजळीनं उचलून तिच्या घमेल्यात टाकत होते. रविवारीही. गूळ घालून.

शनिवार, २१ नोव्हेंबर

रात्रभर दाताखाली काहीतरी खरखरत होतं. सकाळी उठून पीठ घेतलं, चाळण घेतली, चाळू लागले. अर्धं पीठ चाळून झाल्यावर कळलं काय करते आहे ते. परात तशीच सोडून न्हाणीत गेले.

सासूबाईंना सांगितलं. पायांशी बसून, सगळं. मला वाटलं त्या मला हाकलतील. मी तयारी करून बसले होते.

त्या जपमाळ ओढत होत्या. मणी थांबला नाही. म्हणाल्या, "आखो कोनले सांगं?"

"कुणालाच नाही, आई."

"मंग नको सांगू. सुपडूनी काठी मारी का नही? मारी. त्यान्हं पाप त्यान्हापाशी. आठ दिनमा येई जाई तो. येई तवय धोतर देऊ, पंचले जेवन देऊ."

"पण गाय काठीनं गेली नाही."

"तू काय गल्लीगल्लीमा हंबरत फिरशी? पाटलीन शे तू."

ही बाई गोग्रास बाजूला काढल्याशिवाय आयुष्यात जेवलेली नाही. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. तोंड नेहमीचंच होतं, शांत.

रात्री जेवताना यांनाही चाळणीचं सांगितलं. हे म्हणाले, "ही गळ्यात दावं वगैरे मी मानतच नाही. अडाणीपणा आहे."

"मग सुपडूला का जाऊ दिलंत?"

"ते लोक मानतात." आणि ताक मागितलं.

रविवार, २२ नोव्हेंबर

पोथी उघडली. अक्षर लागलं नाही.

सिंधुबाई सुपडूच्या जागी गोठा झाडायला आली होती. वासराला बाटलीनं दूध पाजत होती. मला पाहून उठून उभी राहिली. मी सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं, दूध कोमट केलंस ना? ती म्हणाली, "हा, वहिनी."

कशी आहे मी.

सोमवार, २३ नोव्हेंबर

आज एक भलतीच गोष्ट ध्यानात आली. माझी चाळण नमुन्याला पाच घरी गेली होती.

गजराबाईकडे धावत गेले. ती ओट्यावर बसून चाळणच विणत होती, मी दाखवली तशीच, माझ्यापेक्षा सफाईनं. मी म्हटलं, टाक ती, फेकून दे, कोंडा म्हशीला घालू नको.

"तुम्हीज शिकाडं ना? भर सभामा?"

"मी चुकले."

"तुम्हले चुकाले परवडस, बाई. मी मेहनत करी आते." मग माझा चेहरा पाहून तिनं चाळण मांडीवरून खाली ठेवली. "काय व्हयनं?"

तिला सांगितलं. सगळं. ती उठून आपल्या म्हशीपाशी गेली, घमेल्यातला कोंडा हातानं चाचपून पाहिला आणि उकिरड्यावर नेऊन ओतला. परत येऊन म्हणाली, बाकी चौघींकडे मी जाते, तुम्ही नका येऊ, तुमचं ऐकणार नाहीत. उद्या आमची कापसाची गाडी प्रकाशाकडून जाणार आहे, तीत बसा.

मी तिला गाडीचं काही विचारलं नव्हतं.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

घरी सांगितलं, केदारेश्वराच्या दर्शनाला जाते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नारळ दिला.

गजराबाईचे मालक गाडी हाकत होते, ती माझ्याजवळ कापसावर बसली होती. प्रकाशाच्या अलीकडच्या गावात तिनंच त्याला आधी पाहिलं. पाय सुजलेले, धोतर मळलेलं, आणि दाव्यानं मानेला लाल वण. एका दारातून दुसऱ्या दाराकडे चालला होता.

मी उतरले. पदर डोक्यावर घेतला आणि भर रस्त्यात त्याच्यापुढे उभी राहिले. माझ्या सालदारापुढे मी आजवर अशी कधी उभी राहिले नव्हते. म्हटलं, सुपडू, हरणी तुझ्या काठीनं गेली नाही. चाळणीच्या तारा होत्या पोटात. मी घातल्या. डॉक्टरांनी काढून दाखवल्या, शुक्रवारीच. मला शुक्रवारपासून माहीत आहे. दावं मला दे.

त्यानं ऐकलं. डोळे माझ्यावरच होते. मग त्यानं तोंड उघडलं आणि तो हंबरला.

म्हणजे काय, ते मला कळलं नाही. हो म्हणाला, नाही म्हणाला, की शिवी दिली. बुडी मारेपर्यंत शब्द काढायचा नाही, आणि तो काढणार नाही. मी हात पुढे करून दाव्याची गाठ धरली. त्यानं दोन्ही हातांनी दावं आवळून धरलं आणि मागे सरकला. कापसाच्या गाडीवरून गजराबाई हाक मारत होती, बाई, लोके देखी ऱ्हायनात.

तो पुढच्या दाराकडे निघाला. मी त्याच्या मागे निघाले. मला दुसरं काही सुचलं नाही.

त्या दारात तो हंबरला आणि एक म्हातारी भाकरी घेऊन बाहेर आली. त्याच्या ओंजळीत टाकली, मग मला विचारलं, तू कोन वं? मी सांगितलं. गाय आमची. ती माझ्या हातून गेली, मी तिला कोंड्यातून तारा चारल्या. याचा काही दोष नाही.

म्हातारीनं माझ्या हातातल्या बांगड्या पाहिल्या. त्याची मान पाहिली.

"मंग दावं त्यान्हा गळामा कसं शे?"

सुपडू चालू लागला होता, म्हणून मीही चालू लागले. पुढच्या दारात मी पुन्हा सगळं सांगितलं. तिथल्या बाईनंही तेच विचारलं.